व्हेराक्रिप्टचा पेनड्राइव्ह: कंटेनर झाला, आता हेडर आणि बॅकअप

आधी प्रगती सांगतो. ६४ जीबीच्या कोऱ्या पेनड्राइव्हवर व्हेराक्रिप्ट या एन्क्रिप्शन प्रोग्रॅमचा कंटेनर, म्हणजे पासवर्ड दिल्यावरच उघडणारी फाइल, तयार झालाय. विंडोज आणि लिनक्स, दोन्हीकडे व्यवस्थित उघडतोय. जुन्या ड्राइव्हवरच्या फाइली मात्र अजून हलवायच्या आहेत.

बिटलॉकर टू गो या विंडोजमधल्याच एन्क्रिप्शनच्या सोयीचा विचार केला होता. फक्त विंडोज वापरणाऱ्याला मी आजही तेच सांगेन. उजवं क्लिक करा, पासवर्ड द्या, ४८ अंकी रिकव्हरी की जपून ठेवा, झालं. पण विंडोजच्या होम आवृत्तीत असा ड्राइव्ह उघडता येतो, नवा बनवता येत नाही. क्रिप्टसेटअप या टूलच्या २.३ आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, लिनक्सवरही बिटलॉकर उघडतं. तरी मॅकचा प्रश्न उरतोच, म्हणून व्हेराक्रिप्ट.

अख्खं पार्टिशन एन्क्रिप्ट न करता एक मोठी कंटेनर फाइल केली, याचं कारण अगदी व्यवहारी आहे. व्हेराक्रिप्टच्या पार्टिशनवर ओळख पटेल अशी कुठलीच खूण नसते, सगळा डेटा यादृच्छिक दिसतो. त्यामुळे विंडोजला तो ड्राइव्ह बिघडलेला वाटतो आणि ते लगेच विचारतं, फॉरमॅट करायचा का? कुणीतरी सहज ‘हो’ म्हटलं की संपलंच. फाइल असली की निदान हा प्रश्न येत नाही. बाहेरची फाइल सिस्टीम एक्सफॅट ठेवली, कारण फॅट३२ वर ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही. आतही एक्सफॅटच. एनटीएफएसला जर्नलिंग (बदलांची नोंद ठेवून मध्येच तुटलेलं लिखाण सावरण्याची सोय) आहे हे मान्य, पण मॅकवर त्यात थेट लिहिता येत नाही. जर्नलिंग नाही म्हटल्यावर ड्राइव्ह उपटण्याआधी डिसमाउंट (कंटेनर बंद करणं) आणि मग इजेक्ट, यात हयगय चालणार नाही.

आता कोराच ड्राइव्ह का, ते. फ्लॅश मेमरीचा कंट्रोलर वेअर लेव्हलिंग करतो, म्हणजे सगळे ब्लॉक सारखे झिजावेत म्हणून लिहिण्याची जागा बदलत राहतो. तुम्ही एखादी फाइल पुसून त्याच जागी नवी लिहिली असं तुम्हाला वाटतं. प्रत्यक्षात नवा डेटा दुसऱ्याच ब्लॉकमध्ये गेलेला असू शकतो आणि जुना ब्लॉक तसाच पडून राहतो. आपल्याला तो दिसत नाही, पण चिप काढून वाचणाऱ्याला दिसू शकतो. म्हणजे वर्षानुवर्षं उघडा वापरलेला ड्राइव्ह आज एन्क्रिप्ट केला तरी कालच्या फाइलींचे तुकडे त्यात शिल्लक असू शकतात. गोपनीय काहीही पहिल्यांदा लिहिलं जाण्याआधीच एन्क्रिप्शन झालेलं हवं.

कंटेनर बनवताना यादृच्छिकता गोळा व्हावी म्हणून खिडकीत माउस फिरवत राहायचा असतो, आणि खालची लाल पट्टी हळूहळू हिरवी होते. ती भरली तरी मी थोडा वेळ फिरवत राहतो, फुकटचं आहे. एन्क्रिप्शनचा अल्गोरिदम साधा एईएस. तीन अल्गोरिदम एकावर एक रचायचा पर्याय भारदस्त दिसतो, पण एईएसमध्ये अडचण असावी असं मानायला माझ्याकडे कारण नाही, आणि प्रोसेसरमध्ये एईएससाठी वेगळ्या सूचना असल्यामुळे तो पळतोही जोरात. वेळ खातो तो पेनड्राइव्हच. क्विक फॉरमॅट न घेता पूर्ण कंटेनर भरू दिला, त्यात बराच वेळ गेला.

पासवर्डपासून की बनवायला हॅश एसएचए-५१२. डीफॉल्टमध्ये पासवर्डवर ५ लाख फेऱ्या होतात, म्हणून उघडताना क्षणभर थांबावं लागतं. एक युक्ती: माउंट करताना हॅश आपण स्वतः निवडला तर प्रोग्रॅम एकेक पर्याय चाचपत बसत नाही.

पासवर्ड फाशांनी काढला. पाच फासे, ७,७७६ शब्दांची यादी, शब्दामागे साधारण १२.९ बिट (अंदाज लावणं किती अवघड याचं माप), सहा शब्दांत ७७ च्या आसपास. सगळं रोमन अक्षरांत. देवनागरी पासवर्ड व्हेराक्रिप्ट घेतं, पण मी त्या वाटेला गेलो नाही. एक तर यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि जुन्या आवृत्त्यांत पासवर्डची मर्यादा ६४ बाइट होती (१.२४ पासून १२८). दुसरं म्हणजे ‘ऱ’ हे एकच अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतं: एक स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ आणि नुक्ता मिळून. पडद्यावर फरक दिसत नाही, बाइट मात्र वेगळे. दुसऱ्या मशीनवरच्या कीबोर्डने कुठला प्रकार लिहिला हे काळ्या ठिपक्यांतून कसं कळणार?

हेडरबद्दल, म्हणजे कंटेनरच्या सुरुवातीच्या छोट्या भागाबद्दल, थोडं सविस्तर, कारण इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. पासवर्ड ही कपाटाची किल्ली नव्हे, किल्ली ठेवलेल्या डबीची किल्ली आहे. डेटा ज्या मास्टर कीने एन्क्रिप्ट होतो ती हेडरमध्ये असते, आणि पासवर्ड बदलला की फक्त हेडर नव्याने लिहिला जातो. मास्टर की तीच. म्हणून जुन्या हेडरचा बॅकअप आणि जुना पासवर्ड कुणाकडे असेल तर तो आजचा कंटेनरही उघडेल. त्यात वेअर लेव्हलिंगमुळे जुना हेडर ड्राइव्हवरच कुठेतरी राहिलेला असू शकतो. पासवर्ड फुटल्याची शंका आली तर नुसता बदलून भागत नाही. नवा कंटेनर करून फाइली त्यात हलवायच्या. हेडर खराब झाला तर कंटेनरच्या शेवटी त्याची एक प्रत असते, तरी टूल्स मेनूतून वेगळा बॅकअप काढून दुसऱ्या डिस्कवर ठेवलाय.

ड्राइव्हच्या मोकळ्या जागेत पोर्टेबल व्हेराक्रिप्ट आहे, पण विंडोजवर त्यालाही ड्रायव्हर चढवायला अ‍ॅडमिन हक्क लागतात. सायबर कॅफेछाप मशीनवर ते मिळत नाहीत, आणि मिळाले तरी तिथे पासवर्ड टाइप करू नये. दाबलेली प्रत्येक कळ टिपणाऱ्या कीलॉगरपुढे एईएस काय करणार!

सध्या डोकं लावतोय ते बॅकअपवर. व्हेराक्रिप्ट कंटेनर फाइलची ‘शेवटचा बदल’ ही वेळ मुद्दाम तशीच ठेवतं, आणि कंटेनरचा आकारही बदलत नाही. फक्त वेळ आणि आकार बघणारा सिंक प्रोग्रॅम त्यामुळे फाइल बदललीच नाही असं धरून पुढे जातो. सेटिंग्जमधली ती टिकमार्क काढली आहे. आरसिंक या सिंक प्रोग्रॅमला, फाइलीतला मजकूरच ताडून बघणारा, --checksum हा पर्याय लावून दोन्ही प्रती जुळतात का हे तपासून झालं की जुन्या ड्राइव्हवरच्या फाइली हलवायला घेतो.