लोकसभेची कामकाजपत्रिका मराठवाड्यातून वाचताना

अधिवेशन चालू असले की लोकसभेच्या दुसऱ्या दिवशीच्या बैठकीची कामकाजपत्रिका आधीच संसदेच्या संकेतस्थळावर उपलब्ध होते. सकाळी ११ वाजता सभागृह भरल्यापासून संध्याकाळी उठेपर्यंत कोणत्या क्रमाने काय घ्यायचे, कोणता मंत्री कोणती कागदपत्रे पटलावर ठेवणार, कोणते विधेयक मांडले जाणार आणि कोणत्या विधेयकावर चर्चा होणार, हे सर्व तिच्यात ओळीने दिलेले असते. कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवायचे म्हणून मी ती वाचू लागले. आता अंबाजोगाईची रहिवासी म्हणून वाचते. आमच्या आठ जिल्ह्यांतून आठ खासदार दिल्लीला जातात. ते तेथे आमच्यासाठी काय करू शकतात, याचे उत्तर टीव्हीवरील गोंधळाच्या दृश्यांपेक्षा या पत्रिकेत अधिक स्पष्ट मिळते. माझे मत असे बनले आहे की, पत्रिकेतील ज्या बाबींची बातमी होत नाही, त्याच मराठवाड्याच्या सर्वाधिक उपयोगाच्या आहेत, आणि त्यांचा उपयोग होण्यासाठी प्रश्न नेमका विचारला जाणे ही पहिली अट आहे.

पत्रिकेत सर्वांत आधी प्रश्न येतात. लोकसभेच्या नियमांनुसार बैठकीचा पहिला तास प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवलेला असतो. राज्यसभेने हा तास २०१४ मध्ये दुपारी १२ वाजता नेला, लोकसभेत तो ११ वाजताच राहिला. एका दिवसासाठी २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (केवळ लेखी उत्तराचे) प्रश्न स्वीकारले जातात. खाती पाच गटांत विभागलेली असून प्रत्येक गटाला आठवड्यातील एक वार ठरवून दिलेला असतो, त्यामुळे रेल्वेचा प्रश्न वाटेल त्या दिवशी विचारता येत नाही. पूर्ण १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते, सूचना अनेक असल्याने क्रम चिठ्ठ्या काढून ठरतो, आणि एका सदस्याचे एका दिवशी पाचांहून अधिक प्रश्न यादीत येत नाहीत. त्यांतही तारांकित एकच.

तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्र्याला सभागृहात उभे राहून द्यावे लागते. खात्याने तयार केलेले उत्तर लेखी स्वरूपात सदस्याच्या हाती असतेच. खरे काम त्यानंतर सुरू होते. अध्यक्ष सदस्याचे नाव पुकारतात आणि सदस्य पूरक प्रश्न विचारतो. तो आधी कोणालाही कळवलेला नसतो. अधिकाऱ्यांनी मंत्र्यासाठी शक्यतांची टिपणे करून दिलेली असतात, तरी ऐनवेळी नेमके काय विचारले जाईल हे त्यांनाही ठाऊक नसते. उत्तरात ‘निधी वितरित करण्यात आला’ असे लिहिले असेल, तर ‘वितरित झालेल्या निधीपैकी खर्च किती झाला आणि उरलेला का झाला नाही’ असे मंत्र्याच्या डोळ्यांत पाहून विचारण्याची जागा संपूर्ण दिवसाच्या कामकाजात हीच एक आहे. मूळ प्रश्नकर्त्यानंतर इतर सदस्यांनाही अध्यक्षांच्या परवानगीने विचारता येते. म्हणजे विदर्भातील सदस्याने कापसावर विचारलेल्या प्रश्नात परभणीच्या खासदारालाही हात वर करता येतो.

म्हणूनच अकरा वाजता सभागृह भरून काही मिनिटांतच तहकूब झाले की मला मनापासून वाईट वाटते. कागदोपत्री पाहिले तर काही बुडालेले दिसत नाही, कारण तोंडी उत्तरापर्यंत न पोहोचलेल्या तारांकित प्रश्नांची उत्तरे लेखी स्वरूपात पटलावर ठेवली जातात. मात्र त्या दिवशीचे सर्व पूरक प्रश्न न विचारताच संपतात, आणि ते पुन्हा येत नाहीत. एरवी शांततेत चाललेल्या तासातही वीसपैकी थोडेच प्रश्न तोंडी उत्तरापर्यंत जातात. २७ नोव्हेंबर २०१९ रोजी वीसही तारांकित प्रश्न पुकारले गेले, तेव्हा १९७२ नंतर प्रथमच असे घडले म्हणून त्याची नोंद घेण्यात आली. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात करोनामुळे प्रश्नोत्तराचा तासच ठेवण्यात आला नव्हता; लेखी उत्तरे मिळत राहिली, पण तोंडी उत्तरे नव्हती. त्याच अधिवेशनात शेतीविषयक तीन विधेयके संमत झाली, ही गोष्ट शेतीवर जगणाऱ्या प्रदेशाने विसरू नये असे मला वाटते.

आता अतारांकित प्रश्नांकडे येते, कारण मराठवाड्यासाठी खरा ऐवज येथे आहे. त्यांची उत्तरे लेखी असतात, पूरक प्रश्न नसतो, आणि वर्तमानपत्रांत त्यांना फारशी जागा मिळत नाही. पण ती उत्तरे संसदेच्या संकेतस्थळावर कायम राहतात. सदस्याच्या नावाने, खात्याच्या नावाने किंवा विषयाने ती कोणालाही शोधता येतात. प्रत्येक प्रश्नाचे पोटभाग पाडलेले असतात आणि उत्तरही त्याच क्रमाने येते, त्यामुळे कोणत्या भागाला उत्तर मिळाले आणि कोणत्या भागाला बगल दिली गेली, हे डोळ्यांसमोर दिसते.

रेल्वेची उत्तरे वाचताना तर हे फार जाणवते. मराठवाड्यातील प्रलंबित मार्गांविषयी विचारले की उत्तराच्या आरंभी बहुधा एक ठरीव वाक्य असते: रेल्वेप्रकल्प राज्यांच्या सीमा ओलांडून जात असल्याने त्यांचे सर्वेक्षण, मंजुरी आणि अंमलबजावणी विभागीय रेल्वेनिहाय (झोननिहाय) होते, राज्यनिहाय किंवा प्रदेशनिहाय होत नाही. इतर प्रदेशांना हे वाक्य केवळ तांत्रिक वाटेल. आमच्यासाठी मात्र त्यातच अर्धे दुखणे सामावलेले आहे. नांदेड, परभणी, जालना ही स्थानके नांदेड विभागात, म्हणजे सिकंदराबाद येथे मुख्यालय असलेल्या दक्षिण मध्य रेल्वेत येतात. लातूर मात्र मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. म्हणजे ‘मराठवाडा’ असा शब्द वापरून विचारलेल्या प्रश्नाला रेल्वेच्या हिशेबात जागाच नाही. दोन्ही विभागीय रेल्वेंची नावे, मार्गाचे नाव, मंजुरीचे वर्ष आणि आजवरचा खर्च असे तोडून विचारले, तरच आकडे हाती येतात. अहिल्यानगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाविषयी संसदेत वर्षानुवर्षे प्रश्न विचारले गेले. त्या उत्तरांतून भूसंपादन कुठे अडले, राज्याचा हिस्सा किती आला, काम कोणत्या टप्प्यापर्यंत पोहोचले हे कळत राहिले. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडला पहिली रेल्वे आली. अंबाजोगाई शहरात अजूनही रेल्वेस्थानक नाही.

पीकविम्याचेही तसेच आहे. आमच्या शेजारचे तात्या सोयाबीन करतात. अधिवेशन सुरू झाल्याची बातमी लागली की ते अंगणातूनच विचारतात, “ताई, आपल्या इम्याचं कुणी इचारलं का तिथं?” विचारलेले असते, अनेकदा विचारलेले असते. अडचण अशी की बऱ्याच प्रश्नांत माहिती ‘राज्यनिहाय’ मागितलेली असते, त्यामुळे उत्तराला जोडलेल्या तक्त्यात महाराष्ट्राची एकच ओळ येते आणि त्या ओळीत बीडही विरघळते, कोल्हापूरही विरघळते. ज्या सदस्याने ‘जिल्हानिहाय’ असा एक शब्द घातला, त्याच्या उत्तरात आपला जिल्हा वेगळा दिसण्याची शक्यता निर्माण होते. योजना केंद्राची, हप्त्यात हिस्सा राज्याचा, भरपाई देणारी कंपनी तिसरीच, अशी रचना असताना शेतकऱ्याला प्रत्येक दारावरून पुढच्या दाराकडे पाठवले जाते. मंत्र्याच्या सहीने आलेला जिल्हानिहाय तक्ता हाती असला म्हणजे त्या दारांवर निदान कागद दाखवता येतो. तात्यांसाठी मी असा एक तक्ता छापून घेतला होता. तो त्यांनी गावातल्या सोसायटीच्या भिंतीवर लावला.

काही उत्तरांत ‘माहिती गोळा केली जात असून ती पटलावर ठेवण्यात येईल’ असे वाक्य असते. ते वाचून कागद बाजूला ठेवू नये. संसदेच्या लेखी ते आश्वासन ठरते, त्याची नोंद होते आणि तीन महिन्यांत त्याची पूर्तता व्हावी अशी अपेक्षा असते. लोकसभेची शासकीय आश्वासन समिती १९५३ पासून हाच पाठपुरावा करते. आपल्या खासदाराच्या प्रश्नाला असे उत्तर मिळाले असेल, तर तीन महिन्यांनी पत्र लिहून त्याची आठवण देण्याचा हक्क मतदाराला आहे.

प्रश्नांनंतर पत्रिकेत ‘सभागृहाच्या पटलावर ठेवावयाची कागदपत्रे’ ही बाब येते. सभागृहात ती काही मिनिटांत उरकते, परंतु छापील पत्रिकेत तिने कित्येकदा सर्वाधिक पाने व्यापलेली असतात. सार्वजनिक संस्थांचे वार्षिक अहवाल, महालेखापरीक्षकांचे अहवाल, कायद्यांखाली केलेले नियम, अधिसूचना, असे सर्व तेथे क्रमांकानिशी येते. एखाद्या संस्थेचा अहवाल आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत आला नाही, तर त्याच्यासोबत विलंबाची कारणे सांगणारे वेगळे निवेदन जोडावे लागते. ही जोडनिवेदने पाहत गेले की कोणती संस्था आपले हिशेब नेहमी उशिरा दाखवते हे आपोआप समजते. राष्ट्रीय महामार्ग कायद्याखालील अधिसूचनाही पटलावर ठेवाव्या लागतात आणि त्यांत महामार्गासाठी घ्यावयाच्या जमिनींच्या अधिसूचना असतात. तुळजापूरहून लातूर, नांदेडमार्गे नागपूरकडे जाणाऱ्या महामार्ग क्रमांक ३६१ सारख्या रस्त्यांच्या कडेला ज्यांची शेते आहेत, त्यांनी या पानांकडे कधी पाहिले नसेल. पण त्यांच्या बांधाला हात घालणारी कागदपत्रे देशाच्या संसदेसमोर याच मार्गाने जातात.

दुपारी १२ नंतर शून्य प्रहर, म्हणजे सदस्यांनी तातडीचे विषय थोडक्यात मांडण्याची वेळ. नियमपुस्तकात त्याला स्थान नाही. तो प्रथेने रूढ झाला आणि मंत्र्यावर तेथे उत्तराचे बंधन नाही. खासदाराचे दोन-तीन मिनिटांचे भाषण मतदारसंघात मोबाईलवर फिरते, म्हणून त्याचे महत्त्व वाढले आहे. त्यापेक्षा नियम ३७७ खालील निवेदने मला अधिक मोलाची वाटतात. सुमारे २५० शब्दांत एकच विषय मांडायचा असतो आणि संबंधित खात्याने सदस्याला लेखी उत्तर पाठवावे अशी पद्धत आहे. ते उत्तर खासदाराच्या कार्यालयात येते. मागितले तर तेथून मिळू शकते.

विधेयके आणि अर्थसंकल्प यांना पत्रिकेत सर्वाधिक वेळ दिलेला असतो. कोणत्या विधेयकाला किती तास द्यायचे, हे अध्यक्षांच्या नेतृत्वाखालील कामकाज सल्लागार समिती ठरवते. अर्थसंकल्पाच्या वेळी मात्र ठरलेला वेळ संपला की चर्चा न झालेल्या सर्व खात्यांच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे त्यांच्या खर्चाचे प्रस्ताव, एकत्र मतास टाकल्या जातात. त्या प्रक्रियेला ‘गिलोटिन’ म्हणतात. २३ मार्च २०२३ रोजी सुमारे ४५ लाख कोटी रुपयांचा खर्च लोकसभेने चर्चेविना मंजूर केला. शेती किंवा ग्रामविकासाच्या खर्चावर सभागृहात एक शब्दही न बोलला जाता तो संमत होणे मला क्लेशदायक वाटते. अशा वेळी निदान एक चाळणी शिल्लक राहते, ती विभागनिहाय स्थायी समित्यांची, कारण त्या प्रत्येक खात्याच्या मागण्या आधी तपासून अहवाल देतात. या समित्या १९९३ मध्ये सुरू झाल्या, तेव्हा लोकसभेच्या अध्यक्षपदी लातूरचे खासदार शिवराज पाटील चाकूरकर होते. आरंभी त्या १७ होत्या, २००४ पासून २४ आहेत. चाकूरच्या माणसाच्या कारकिर्दीत संसदेच्या कामकाजात झालेला हा बदल आमच्या भागातील विद्यार्थ्यांना ठाऊक नसतो, म्हणून मी तो दरवर्षी आवर्जून शिकवते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ १९५२ मध्ये गुलबर्ग्याहून आणि १९५७ मध्ये औरंगाबादहून लोकसभेवर निवडून गेले होते, हेही मी त्याच तासाला सांगते.

शुक्रवारचे शेवटचे अडीच तास अशासकीय कामकाजाचे, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांच्या विधेयकांचे आणि ठरावांचे असतात. १९७० नंतर एकाही अशासकीय विधेयकाचे कायद्यात रूपांतर झालेले नाही, तरी विषय ऐरणीवर आणण्यासाठी तो वेळ उपयोगी पडतो.

पुढच्या अधिवेशनाआधी माझ्या विद्यार्थ्यांकडून मी एक काम करून घेणार आहे, आणि वाचकांनीही ते करावे अशी माझी विनंती आहे. आपल्या खासदाराला निवेदन देताना ‘मराठवाड्यावर अन्याय होत आहे’ असे न लिहिता थेट विचारता येईल असा अतारांकित प्रश्न लिहून द्यावा. प्रश्न १५० शब्दांच्या आत असावा, त्यात आरोप किंवा मतप्रदर्शन नसावे आणि विषय केंद्राच्या अखत्यारीतील असावा. जायकवाडीतून पाणी कधी सोडणार असे विचारले, तर पाणी हा राज्याचा विषय आहे एवढेच उत्तर येईल. १५ दिवसांची मुदत लक्षात घेता अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच तो पोहोचला पाहिजे. आम्ही तयार केलेला पहिला प्रश्न कृषी आणि शेतकरी कल्याण मंत्र्यांना उद्देशून आहे: मागील तीन हंगामांत केंद्राच्या किंमत समर्थन योजनेखाली छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, बीड, लातूर आणि धाराशिव या जिल्ह्यांत सोयाबीन खरेदीची किती केंद्रे सुरू झाली व ती कोणत्या तारखेला सुरू झाली; प्रत्येक जिल्ह्यात किती शेतकऱ्यांनी नोंदणी केली आणि त्यांपैकी किती जणांचा माल खरेदी झाला; ओलाव्याच्या कारणावरून किती माल परत पाठवण्यात आला; आणि खरेदीनंतर पैसे खात्यावर जमा होण्यास सरासरी किती दिवस लागले.