यवाबचं काय करायचं?

आज चर्चमध्ये बायबलमधल्या दावीद राजावर प्रवचन झालं, गोफण, गल्याथ, स्तोत्रं, सगळं नेहमीचंच, पण माझं डोकं मात्र यवाबमध्ये अडकलं म्हणून जेवणं उरकल्यावर बायबलमधलं २ शमुवेल हे पुस्तक काढून बसले.

हा दावीदाचा सेनापती आणि सख्खा भाचा, बहीण सरूवेचा मुलगा. राजाचे जिच्याशी संबंध जुळले त्या बथशेबाचा नवरा, सैनिक उरीया, राजाला नको झाला तेव्हा 'याला लढाईत पुढे ठेवा आणि तुम्ही मागे सरा' ही चिठ्ठी यवाबलाच आली, आणि ती घेऊन कोण आला तर उरीया स्वतः! यवाबने एका शब्दाने विचारलं नाही. राब्बा शहर पडायला आलं तर राजाला निरोप, तुम्ही या, नाहीतर नाव माझं होईल. एवढा निष्ठावान बरं का. आणि हाच माणूस आपल्याच मावसभावाची, अमासाची, दाढी धरून 'बरा आहेस ना' म्हणत मुका घ्यायला वाकतो अन् दुसऱ्या हातातली तलवार पोटात! बंड केलेल्या आपल्या मुलाला, अबशालोमला, सांभाळून घ्या असं राजाने सगळ्यांदेखत सांगितलेलं, तरी झाडाला लटकलेल्या त्या पोराच्या छातीत तीन भाले यानेच खुपसले.

मरताना दावीद आपल्या मुलाला, शलमोनाला, यवाबबद्दल सांगतो, याला सुखाने मरू देऊ नको. कारण काय, तर आधीच्या राजाचा सेनापती अबनेर आणि अमासा, यांचे यवाबने केलेले खून. उरीयाचं नावसुद्धा नाही, सोयीस्कर आहे राव! यवाब काही साधू नव्हता, शेवटी शलमोनाऐवजी गादीवर बसू पाहणाऱ्या दावीदाच्या दुसऱ्या मुलाच्या, अदोनीयाच्या, पार्टीत गेलाच की. आसऱ्यासाठी देवाच्या वेदीची शिंगं धरून बसला तरी शलमोनाच्या माणसाने, बनायाने, तिथेच मारला, आणि सेनापतीची पोस्टही बनायालाच मिळाली.

नवरा म्हणतो, यवाबला फार माहीत होतं. मला पटतंय.