महेश्वर, ४८ मुलं आणि खिचडीतलं मीठ

पत्रिकेवर 'विद्यार्थी नेतृत्व शिबिर' असं भारदस्त नाव छापलेलं असायचं. मुलं मात्र त्याला नुसतं 'महेश्वर' म्हणायची. 'यंदा महेश्वरला येतोस ना?' एवढं विचारलं की इंदूरच्या मराठी मंडळातल्या कुठल्याही नववी-दहावीच्या मुलाला कळायचं. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, ४८ मुलं, ८ मोठी माणसं, दोन रात्री. राऊ, मानपूर, धामनोद करत नर्मदाकाठच्या महेश्वरपर्यंत नव्वदेक किलोमीटर. घाट उतरून निमाडात शिरलं की थंडी जरा सैल व्हायची आणि स्वेटर कमरेला बांधले जायचे.

गटांची यादी वाटेतलं महू मागे पडेपर्यंत कुणालाही दाखवायची नाही, हा पहिला दंडक. यादी आदल्या दिवशी फुटली की मैत्रिणी-मैत्रिणी अदलाबदल करून घेतात आणि मग तीन दिवस शाळेचाच वर्ग भरतो. आठ जणांचे सहा गट. एका गटात एका शाळेची दोनापेक्षा जास्त मुलं नकोत, सख्खी भावंडं वेगळी. सुरुवातीचा तासभर सगळे अवघडलेले. मग कुणीतरी डबा उघडतो, त्यातली शेव फिरते आणि 'काय करून राहिला रे' असं अस्सल इंदुरी मराठी सुरू होतं.

शिबिरात जेवणं सहा, म्हणून पाळ्या सहा आणि कामंही सहा: स्वयंपाक, वाढप, भांडी, पाणी-झाडलोट, घंटा आणि नोंदवही. प्रत्येक पाळीला गटाचं काम बदलतं, तसा गटप्रमुखही. गटप्रमुख निवडायला सांगितलं की मुलं सगळ्यात मोठ्या आवाजाच्या मुलाला निवडतात आणि तो तीन दिवस हुकूम सोडत बसतो. म्हणून निवड नाही, पाळी. पण मुलं आठ आणि पाळ्या सहा, म्हणजे दोघं उरतात, आणि उरणारी दोघं हटकून गप्प बसणारीच असतात. त्यावरचा तोडगा फार छान होता: जाताना आणि येताना बसमधला गटप्रमुख त्या दोघांतला. डोकी मोजायची, थांब्यावर कुणी उतरलं तर त्याच्या जोडीदाराला विचारायचं. आठ डोकी भरली नाहीत तर बस हलत नाही. गप्प मुलाच्या हाती बस थांबवण्याची सत्ता आली की त्याचा आवाज किती स्वच्छ निघतो, हे बघण्यासारखं असायचं.

खरं शिबिर स्वयंपाकघरात चालायचं. दोरीच्या गाठी सोडवण्याचे खेळही होते, पण त्यांत हरलं तरी कुणी उपाशी राहत नाही. मुगाच्या खिचडीला ४ किलो तांदूळ, २ किलो डाळ, २४ लिटर पाणी आणि वेगळं उकळतं ठेवलेलं आणखी ४ लिटर, कारण शेवटची पंगत बसेपर्यंत खिचडी घट्ट होतेच. मीठ १८० ते २०० ग्रॅम. बिघडायचं ते इथेच. तिघं चव बघतात, तिघांनाही कमी वाटतं, तिघंही मदत म्हणून मूठ-मूठ टाकतात. असं झालं की बिनमिठाचा किलोभर भात शिजवून त्यात मिसळायचा आणि पंगत अर्धा तास उशिरा. म्हणून नियम झाला: मीठ आधी मोजून एका वाटीत, वाटी एकाच्याच हातात, आणि पातेल्यात गेल्यावर त्याने मोठ्याने म्हणायचं, 'मीठ पडलं!' पोह्यांचंही तसंच. ५ किलो जाडे पोहे एकदम भिजवले तर तळाचा लगदा होतो, म्हणून दीड-दोन किलोंचे घाणे. वरून जिरावण हा इंदुरी मसाला आणि शेव वाढताना घालायची, नाहीतर शेव मऊ पडते. वाढणाऱ्या गटाने शेवटी जेवायचं. हे सांगावं लागायचं पहिल्याच दिवशी.

रात्रीचा आढावा आधी सगळ्यांच्या एकाच गोलात व्हायचा. दीड मिनिट धरलं तरी ४८ जणांचा सव्वा तास होतो. निम्मी मुलं बसल्या जागी डुलायची. गटागटांत बसवल्यावर तोच आढावा बारा मिनिटांत आटपू लागला. प्रश्न तीन: काय जमलं, काय अडलं, उद्या काय बदलायचं. तक्रार 'तू'ने सुरू करायची नाही. 'तू पाणी आणलं नाहीस'ऐवजी 'मला पाणी मिळालं नाही'. पहिल्या रात्री हे नाटकी वाटतं, दुसऱ्या रात्री अंगवळणी पडतं.

दुसऱ्या दिवशी किल्ला. अहिल्याबाईंनी १७६७ मध्ये कारभार हाती घेतला आणि महेश्वर राजधानी केली. रोज खुल्या दरबारात बसून त्या लोकांचं म्हणणं ऐकत. त्यांची साधी गादी बघून झाली की अंगणात मुलांचा दरबार. तक्रार खरी हवी, न्हाणीघराच्या रांगेची का असेना. ऐकणाऱ्याने पाच मिनिटं फक्त प्रश्न विचारायचे, मग निकाल एका वाक्यात. बहुतेकांना दुसऱ्याच मिनिटाला उपदेश फुटायचा. मागून सगळे ओरडायचे, 'प्रश्न, प्रश्न!'

विणकरांकडे जायचं तर आधी विचारून, एका वेळी एकच गट, ताण्याला हात न लावता. घाटावरच्या दगडातली लाटांची नक्षी लुगड्याच्या काठावर सापडली की मुली हरखून जायच्या. नर्मदेच्या पाण्यात उतरायचं नाही आणि नदी खडकांतून फुटून वाहते त्या सहस्रधारेकडे तर दुरूनच बघायचं. तिथले खडक निसरडे, ओढ जबर. यावर मात्र दरबार भरत नसे.

नोंदवही पुढच्या वर्षीच्या बसमध्ये वाचली जायची. एका पानावर कुणीतरी लिहिलं होतं, 'मीठ पडलं हे दोनदा ओरडावं, पंख्याचा आवाज होतो.' त्याखाली वेगळ्या अक्षरात, 'पंखा बंद करावा.' आणि शेवटच्या पानावर हरवलं-सापडलं: एक निळा मोजा, डाव्या पायाचा.