तुम्ही विचारलंत म्हणून: तेरा दुर्दैवी पुस्तकं, दुसऱ्यांदा

उन्हाळी सुट्टी जवळ आली की लातूर-नांदेडकडचे वाचक हमखास विचारतात: लहानपणी वाचलेली ‘अ सिरीज ऑफ अनफॉर्च्युनेट इव्हेंट्स’ पुन्हा वाचायची आहे, सगळे भाग घ्यावेत का, आणि घरातल्या लेकरांना मराठीतून वाचून दाखवता येतील का?

सगळे घ्या, पण सलग नको. लेमोनी स्निकेट या टोपणनावानं डॅनियल हँडलर यांची ही १३ पुस्तकं १९९९ ते २००६ या काळात आली. प्रत्येकात १३ प्रकरणं, शेवटच्यात एक जास्तीचं; म्हणजे १७०. रोज चार धरली तर दीड महिन्यात फडशा. गाडी रुतते ती तिसऱ्या-चौथ्या भागात, कारण साचा तोच: आई-बाप गमावलेल्या तीन भावंडांना नवे पालक, त्यांच्या इस्टेटीमागं सोंग घेऊन आलेला खलनायक काउंट ओलाफ, आणि लेकरांचं ऐकायला कुणी तयार नाही. तिथं आठवडाभर थांबा. पाचव्याच्या शेवटी ‘व्ही.एफ.डी.’ ही गूढ अक्षरं ऐकू येतात. तिथून पुढं वही जवळ ठेवा. प्रत्येक भागाच्या शेवटच्या चित्रात पुढच्या भागाची खूण दडवलेली असते. लहानपणी घाईत ती सुटलेली असणार.

वाचून दाखवताना फसतं ते एकाच ठिकाणी. निवेदक मधेच एखादा अवघड शब्द धरतो आणि ‘इथं याचा अर्थ असा’ म्हणत भलताच तिरका अर्थ सांगतो. शब्दाचंच मराठी केलंत तर सांगायला अर्थ उरत नाही, विनोद गेला. शब्द इंग्रजीच राहू द्या. अर्थ तेवढा मराठीत, मास्तरांच्या संथ सुरात. धाकट्या सनीचे बोबडे बोल तर बदलूच नका. एवढासा शब्द आणि लांबलचक अर्थ, गंमत त्यातच आहे. दहाव्या भागातल्या तिच्या ‘बुशेनी’मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बुश आणि उपाध्यक्ष चेनी दोघंही बसलेत, हे दहाव्या वर्षी कोण ओळखणार?

भावंडांची इस्टेट सांभाळणारे बँकवाले मिस्टर पो समजावून सांगावे लागत नाहीत. खोकत खोकत ‘बघू’ म्हणणारा साहेब आपल्याकडं लेकरांनाही ठाऊक असतो.

पहिला भाग मात्र आधी एकट्यानं वाचा. इस्टेटीसाठी ओलाफ नाटकाच्या आडून १४ वर्षांच्या थोरल्या व्हायोलेटशी खरंखुरं लग्न लावू बघतो. लहानपणी ती नुसती खलनायकाची चाल वाटते. ऊसतोडीला निघण्याआधी पोरीचं उरकून टाकणारी घरं बीडकडं पाहिलेल्याला तिथं हसू फुटत नाही. व्हायोलेट सुटते ती डाव्या हातानं सही करून: कायद्याला नवरीची सही ‘स्वतःच्या हातानं’ हवी, आणि तिचा लिहिता हात उजवा. ही जागा गाळू नका. पोरी प्रश्न विचारतील, तेव्हा पुस्तक मिटा आणि सरळ सांगा: आपल्याकडं १८च्या आत मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे, सही डाव्या हाताची असो की उजव्या. त्या वहीतच १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबरही लिहून ठेवा.