रजिस्टर बरोबर, बल्ब बरोबर, तरी शेवंतीला कळी

मावळातलं पॉलीहाऊस, १० गुंठे शेवंती, शेजारी गोठा आणि शेणावरचा गोबरगॅस, त्या गॅसवर १० केव्हीएचा जनरेटर. माझं काम जनरेटरचं, पण दादांचा फोन आला तो पिकासाठी. रोपं जेमतेम वीतभर झाली आणि सगळीकडे कळी धरली. बाजाराला दांडी लागते ७०-८० सेंटीमीटर, आखूड दांडीचं फूल कोण घेतो?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, शेवंती रात्र मोजते. रात्र लांब झाली की कळी धरते, म्हणून हिवाळ्यात वाढीच्या काळात रात्री १० ते २ पॉलीहाऊसात बल्ब लावायचे, म्हणजे मोठ्या रात्रीचे दोन लहान तुकडे होतात आणि झाड नुसतं वाढत राहतं. सलग काही रात्री हा उजेड चुकला की झाड कळीकडे वळलंच. पूर्वी याला १०० वॅटचे पिवळे बल्ब असायचे, आता १० वॅटचे एलईडी. झाडातलं जे रंगद्रव्य हे ओळखतं ते ६६० नॅनोमीटरच्या आसपासच्या लाल उजेडाला सगळ्यात जास्त जागं होतं, त्यामुळे बल्ब घेताना लाल किती आहे ते बघायचं. उजेड मोजणाऱ्या नुसत्या लक्स मीटरवर जाऊ नका, तो माणसाच्या डोळ्यासाठी बनवलाय.

बल्बवाला आधीच येऊन गेला होता आणि सगळे बल्ब बदला म्हणून कोटेशन ठेवून गेला होता. याची मला खरंच चीड येते. बल्ब कमी पडले असते तर कडेच्या, अंधाऱ्या बेडवर आधी कळी आली असती. इथे बरोबर बल्बखालीसुद्धा तेवढीच कळी होती. म्हणजे दोष उजेड किती यात नाही, कधी यात आहे, हे एक चक्कर मारली असती तरी कळलं असतं.

पण हे बल्ब ज्यावर चालतात त्या जनरेटरच्या रजिस्टरमध्ये रोज ४ तास, आणि इंजिन किती तास चाललं ते मोजणारा अवर मीटर ताडून बघितला तर तोही जुळला. फिल्टरवर ऑइल बदलल्याची तारीख आणि मीटरचं रीडिंग लिहिलेलं होतं, तिथून दिवस मोजले, तास बरोबर. आता काय? दादा म्हणाले, "साहेब, आज राहाच इथं." राहिलो.

रात्री १० वाजता गॅसचा फुगा पार सैल पडलेला. संध्याकाळी कामगारांच्या चुली आणि गोठ्याचं गरम पाणी याच गॅसवर, त्यात डिसेंबरची थंडी, टाकीतली शेणाची स्लरी गार पडली की जिवाणू मंदावतात आणि गॅस घटतो. म्हणजे ज्या महिन्यात शेवंतीला उजेड सगळ्यात जास्त लागतो त्याच महिन्यात गॅस सगळ्यात कमी, हे प्लांटचं डिझाइन करणाऱ्याला दिसायला हवं होतं. राखणदार मामांनी फुगा चाचपला आणि इंजिन लावलंच नाही. सकाळी आठच्या सुमाराला फुगा भरल्यावर लावलं, आणि लख्ख उन्हात सगळे बल्ब पेटले.

मामा म्हणाले, "चार तास चालवायचं सांगितलंय, चुकवलं नाय कधी." खरंच चुकवलं नव्हतं. गॅस नसताना इंजिन ओढायचं नाही ही त्यांची समज तर अनेक ऑपरेटरपेक्षा चांगली. उजेड रात्रीच का हवा हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं आणि रजिस्टरच्या कॉलममध्ये वेळ नव्हती, नुसते तास.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकली. १२० बल्ब म्हणजे १२०० वॅट, त्यासाठी १० केव्हीएचं इंजिन चार तास फिरतंय. एवढ्या कमी लोडवर बराचसा गॅस इंजिन स्वतःला फिरवण्यातच घालवतं. आणि शेवंतीला सलग उजेड लागतही नाही, १० मिनिटं उजेड आणि २० मिनिटं अंधार असं चक्र चार तास चालवलं तरी ती फसते. मी बल्बचे तीन गट पाडून टायमर लावायला सांगितलं, एका वेळी एकच गट. लोड आला ४०० वॅटवर, रात्रीची गरज १.६ युनिट. हे इन्व्हर्टरच्या १५० एएचच्या दोन बॅटऱ्या देतात, साधारण निम्म्या रिकाम्या होतात. मग इंजिन सकाळीच लावा, मामा लावतात तसंच, सोबत कडबाकुट्टी आणि पंप चालवा म्हणजे लोड नीट मिळेल, आणि बॅटऱ्या भरून ठेवा.

टायमर लगेच बसला. बॅटऱ्यांवर दादा अजून अडून आहेत, गॅस फुकटचा असताना बॅटरीत पैसे का घालू म्हणतात. तोवर मी संध्याकाळचं गरम पाणी सोलरवर घ्यायला लावलंय आणि रजिस्टरमध्ये 'सुरू' आणि 'बंद' असे दोन कॉलम आखून दिलेत. वाया गेलेल्या बॅचचं मात्र काही करता आलं नाही. एकदा कळी धरल्यावर ती दांडी वाढवायची कशी, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.