५५३२ काढून कोणती आयसी टाकू?

घरी प्रीॲम्प, म्हणजे मुख्य ॲम्प्लिफायरच्या आधीचं सर्किट, जुळवणारे मला हे सारखं विचारतात. ५५३२ ही त्यातली सिग्नल वाढवणारी चिप, म्हणजे ऑपॅम्प. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ती राहू द्या, आधी तिच्या अलीकडे काय आहे ते बघू.

गेल्या पावसाळ्यात एक मित्र त्याचा प्रीॲम्प घेऊन आला. एनई५५३२ काढून त्याने महागाची एलएम४५६२ बसवली होती, आणि गाणं थांबलं की ट्वीटरमधून ‘सूंऽऽ’ ऐकू यायचं, तेही आधीपेक्षा जास्त. डेटाशीट तर उलटं सांगते. ५५३२चा नॉइज, म्हणजे तिचा स्वतःचा गोंगाट, ५ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ (आकडा लहान, तितकी आयसी शांत), ४५६२चा २.७. मग बिघडलं कुठे?

बिघडलं होतं व्हॉल्यूमच्या पॉटपाशी, म्हणजे फिरवायच्या रेझिस्टरपाशी. तो होता ५० केचा (के म्हणजे हजार ओहम), थेट इनपुटला जोडलेला. सिग्नल अर्धा होईल इतका तो फिरवला की आयसीला समोर साडेबारा के रेझिस्टन्स दिसतो, आणि त्याचा स्वतःचाच नॉइज १४ नॅनोव्होल्टच्या वर जातो. शिवाय प्रत्येक ऑपॅम्पला करंट नॉइजही असतो, आणि समोरच्या रेझिस्टन्समधून जाताना त्याचा व्होल्टेज नॉइज होतो. ५५३२चा ०.७ पिकोॲम्पिअर, ४५६२चा १.६. साडेबारा केने गुणा: एकीचे जेमतेम ९ नॅनोव्होल्ट होतात, दुसरीचे २०. सगळं धरून ४५६२ तिथे ३ डेसिबलने जास्त गोंगाट करते. आम्ही पॉट बदलून १० केचा लावला. दोन्ही आयस्या आलटून पालटून घातल्या, ट्वीटरला कान लावून बसलो. फरक उरला नव्हता, आणि सूं सुद्धा जवळपास गेलं होतं. त्या पॉटसाठी मी आजही आग्रह धरतो.

टीएल०७२ या आणखी एका ऑपॅम्पला लोक उगाच नावं ठेवतात. तिचा नॉइज १८ नॅनोव्होल्ट, हे खरं. पण इनपुटला जेफेट जातीचे ट्रान्झिस्टर असल्याने करंट नगण्य, त्यामुळे गिटारच्या पिझो पिकअपसारख्या मोठ्या रेझिस्टन्सच्या जागी तीच शोभते. ५५३२ मात्र इनपुटला २०० नॅनोॲम्पिअरच्या आसपास करंट मागते. मध्ये कपॅसिटर नसेल तर तो पॉटमधून जातो आणि पॉट फिरवताना खरखर येते. जुन्या बोर्डावर ७४१ ही ऑपॅम्प असेल तर ती जरूर बदला. सेकंदाच्या दशलक्षाव्या भागात अर्धा व्होल्ट एवढाच तिचा वेग, मोठा आणि चढा सूर तिला झेपत नाही.

आणखी एक. वेगवान आयसी जुन्या सॉकेटमध्ये टाकली आणि बोटाला गरम लागली, तर ती बहुतेक ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर ऑसिलेट होतेय, म्हणजे स्वतःच सिग्नल तयार करतेय. सप्लायच्या पिनांना अगदी चिकटून १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर लावा. ‘नवी चिप कर्कश वाटते’ या तक्रारी मी अशाच सोडवल्या आहेत.

ऐकून तुलना करायची असेल तर दोन सारखे बोर्ड करा, १०० हर्ट्झचा सूर देऊन मल्टिमीटरवर दोघांचं आउटपुट जुळवा, आणि बदलाबदली दुसऱ्याला करू द्या. किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच ‘खुललेला’ वाटतो. मी ५५३२ आणि ओपीए२१३४ अशा ऐकल्या, किशोरीताईंच्या मैफलीतला तानपुरा लावून. भाचा बोर्ड बदलत होता. १६ वेळांत ९ बरोबर आले. नाणं उडवूनही तेवढेच येतात.

तेव्हा आयसी मागवण्याआधी एवढं करा: झाकण उघडून तुमचा पॉट किती केचा आहे ते बघा, आणि मला कळवा.