पाच किलोंचा हिशोब: विमानाने रिव्हॉल्व्हरच्या सामन्याला जाताना

निकाल आधी सांगतो, तपशील मागाहून. विमानाने रिव्हॉल्व्हरच्या मोठ्या सामन्याला जाणार असाल तर काडतुसं स्वतःची न्या. कपडे कमी करा, दुसरा बुटांचा जोड घरी ठेवा, पण "इथे सगळं मिळतं, तुम्ही नुसते या" या आश्वासनावर जाऊ नका. आरिझोनातल्या ज्या सामन्याहून परत आलोय तिथल्या विक्रेत्याने मला हेच सांगितलं होतं, तेही लेखी. बाजारभावाच्या दुप्पट पैसे घेतले, आणि बदल्यात जे दिलं ते भर स्टेजवर, म्हणजे सामन्याच्या फेरीत, न उडता टक् टक् करत बसलं. अजून डोकं शांत झालेलं नाही, तेव्हा काही वाक्यं तिखट लागली तर चालवून घ्या.

तुम्ही स्थानिक सामने खेळलेले आहात, ऑफहँड रीलोड, म्हणजे दुसऱ्या हाताने पुन्हा काडतुसं भरणं, कसा करायचा ते माहीत आहे आणि चाळीस अंशांत दिवसभर उभं राहू शकता, असं गृहीत धरतो. ज्यांचं अजून तिथपर्यंत आलेलं नाही त्यांनी आधी आपल्या गावच्या रेंजवर एक मोसम काढावा.

एक गोष्ट मात्र आपल्या लोकांसाठी मुद्दाम लिहितो, कारण कुणी सांगत नाही. एच-१बी, एफ-१ असल्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाने अमेरिकेत बंदूक किंवा काडतूस बाळगणं संघीय कायद्याने मना आहे. त्याला मोजके अपवाद आहेत. त्यातला नेहमी वापरला जाणारा म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. मित्राचं रिव्हॉल्व्हर रेंजवर "जरा मारून बघू" म्हणणंही यात येतं. ग्रीन कार्ड असेल तर हा अडथळा नाही. ज्यांच्याकडे नाही त्यांनी तिकीट काढण्याआधी वकिलाला विचारावं. व्हिसा घालवावा एवढं काही या खेळात ठेवलेलं नाही.

आता वजन. बहुतेक विमान कंपन्या एका प्रवाशाला ११ पौंड, म्हणजे साधारण ५ किलो काडतुसं नेऊ देतात, चेक-इन सामानातूनच. .३८ शॉर्ट कोल्टचं १६० ग्रेन (गोळी तोलायचं माप) गोळीचं एक काडतूस अंदाजे १४ ग्रॅम भरतं. पाच किलोंत कागदावर साडेतीनशे बसतात, डबे धरले की सव्वातीनशे. .४५ एसीपीची २३० ग्रेनची गोळी घेतलीत तर एकेक काडतूस २१ ग्रॅमचं, म्हणजे जेमतेम सव्वादोनशे. सामन्याला किमान तीनशे लागणार असतील तर .४५ वाल्याचा हिशोब घरीच फसतो. रिव्हॉल्व्हरचा नामांकित नेमबाज जेरी मिक्युलेकने १९९९ साली स्मिथ अँड वेसनच्या सहा गोळ्यांच्या .४५ च्या ६२५ ने मध्ये रीलोड करून १२ गोळ्या २.९९ सेकंदांत मारल्या, तेव्हापासून प्रत्येक नवख्याला कुणीतरी ६२५ घ्यायला सांगतं. रिव्हॉल्व्हर खरंच उत्तम आहे. बुटकं जाड काडतूस कप्प्यात अलगद घसरतं, रीलोड लोण्यासारखा होतो. पण ते गाडीने सामन्याला जाणाऱ्यांचं रिव्हॉल्व्हर आहे. विमानाने जाणाऱ्याने .३८ शॉर्ट कोल्ट किंवा ९ मिमीचाच विचार करावा. नाहीतर जोडीदाराला सोबत न्यावं, त्याचे किंवा तिचे पाच किलो वेगळे. आमच्या घरी या प्रस्तावाला जे उत्तर मिळालं ते इथे छापण्यासारखं नाही.

तर तीनशे सामन्याला, वर चुकांना आणि सरावाला थोडी, असा विचार करून मी सरावापुरती घरची नेली आणि सामन्याची तिथे पोचती करण्याची आगाऊ ऑर्डर दिली. प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या तळाशी बसणारी आणि ठोक्याने पेटणारी टिकली, फेडरल कंपनीचे असतील, असं कबूल करून घेतलं होतं. का ते सांगतो. सामन्याच्या रिव्हॉल्व्हरचा डबल अ‍ॅक्शन ट्रिगर कारखान्यातून येतो तसा, ओढायला दहा-बारा पौंड लागणारा, कुणी ठेवत नाही. सहाच्या आसपास आणतात. हॅमरला, म्हणजे घोड्याला, जोर देणारी मेनस्प्रिंग हलकी झाली की त्याचा ठोका हलका होतो, आणि हलक्या ठोक्याला मऊ प्रायमरच पेटतो. बाजारात सगळ्यांत मऊ फेडरलचे, सीसीआयचे कठीण. सेमीऑटो पिस्तूलवाल्यांना हा फरक जाणवतही नाही. आपल्याकडे सगळा खेळ त्यावर.

डब्यात मऊ प्रायमर नव्हते. वर काही प्रायमर पूर्ण बसवलेलेही नव्हते, बोट फिरवलं तर कड लागायची. असा उंच प्रायमर दोन प्रकारे छळतो. एक तर सिलिंडर (काडतुसांच्या कप्प्यांचा फिरता भाग) मागच्या पत्र्याला घासून अडकतो. दुसरं, हॅमरचा पहिला ठोका त्याला आत बसवण्यातच खर्च होतो, दुसऱ्याला तो पेटतो. रिव्हॉल्व्हरचा मोठेपणा सांगताना लोक म्हणतात, नाही उडाली तर पुन्हा ट्रिगर ओढा. ओढाच. पण त्या ओढण्याने पुढचा कप्पा येतो, न उडालेलं काडतूस पूर्ण फेरा करूनच परत समोर येतं. माझ्यासारखं आठ कप्प्यांचं रिव्हॉल्व्हर असेल आणि तिसरं रुसलं तर उरलेली पाच मारून, दोन रिकामे कप्पे टकटकवून मग ते पुन्हा हॅमरखाली. तोवर आठ गोळ्यांची मांडणी आखून चाललेला तुमचा सगळा बेत कोलमडलेला असतो, आणि जिथे चालता चालता रीलोड व्हायचा तिथे तुम्ही खांबासारखे उभे राहून रीलोड करता.

आयकोर ही रिव्हॉल्व्हरच्या सामन्यांची संघटना. तिच्या पद्धतीत वेळेत दंड मिळवतात: निशाण्यावरच्या ए भागाला शून्य, बीला एक सेकंद, सीला दोन, आणि गोळी चुकली तर पाच. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे. शेवटच्या सिलिंडरमध्ये काडतूस रुसलं आणि एक गोळी बाकी असेल तर फेरा मारत बसू नका, मून क्लिप (सगळी काडतुसं एकत्र धरणारी पत्र्याची चकती) फेका आणि नवी भरा. उभ्याने केलेला वाईट रीलोडही पाच सेकंदांहून स्वस्त पडतो.

पॉवर फॅक्टरही ऐका, म्हणजे काडतुसाच्या जोराचा आकडा. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग फूट प्रति सेकंदात, गुणाकार भागिले हजार. आयकोरला १२० पुरतो. १६० ग्रेनची गोळी ७८० ने गेली तर १२४.८ होतो, सुरक्षितही आणि हातालाही सुखाचा. विकत घेतलेला माल क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजणाऱ्या यंत्रावर, ८७० च्या आसपास गेला, म्हणजे १३९. फुकटचा धक्का मी दुप्पट पैसे मोजून विकत घेतला होता. विक्रेत्याचं म्हणणं, डबा उघडल्यावर परतावा नाही. डबा न उघडता प्रायमर कसा तपासायचा, हे त्याने सांगितलं नाही.

तिथून पुढे स्क्वॉडने, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या आमच्या गटाने, मला उचलून नेलं. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ, सगळे त्यांना डॉक म्हणत, सेफ एरियात (काडतुसांशिवाय बंदूक हाताळायला राखलेल्या जागेत) माझं ग्रिप काढून बसले. मुठीच्या पुढच्या बाजूला, ग्रिपखाली, मेनस्प्रिंगला ताण देणारा एक स्क्रू असतो. त्यांनी तो आत पिळला, ट्रिगर दीड-एक पौंडाने जड झाला आणि बरीचशी काडतुसं उडू लागली. स्वतःची फेरी आली तरी माझ्या ट्रिगरवर बोट ठेवून ते "अजून अर्धा फेरा" म्हणत होते. तर हे लिहून ठेवा: हलक्या ट्रिगरसाठी काही कारागीर हा स्क्रू कानशीने आखूड करतात. तो मग पिळायला जागाच उरत नाही. पूर्ण लांबीचा मूळ स्क्रू आणि कारखान्याची मेनस्प्रिंग पिशवीत ठेवाच, चिमूटभर वजन असतं. आणि योग्य जागी आला की रंगाची एक रेघ ओढा, म्हणजे धक्क्याने सैल झाला तर दिसतो.

माझ्याच विभागात खेळणाऱ्या, गुणतक्त्यात माझ्या शेजारच्या ओळीत असलेल्या एका बाईंनी स्वतःच्या भरलेल्या मून क्लिपा माझ्या हातात दिल्या. "घे, माझ्याकडे जास्त आहेत," एवढंच. जास्त वगैरे काही नव्हत्या, मी मोजल्या होत्या. अशी मदत घेताना आरओला, म्हणजे रेंजवरच्या पंचाला, सांगा आणि काडतुसं क्रोनोग्राफवर पुन्हा तपासू देण्याची तयारी ठेवा, म्हणजे नंतर कुणी बोट दाखवत नाही. एरवी दुसऱ्याने घरी भरलेली काडतुसं आपल्या रिव्हॉल्व्हरमध्ये घालायला मी तयार होत नाही, तुम्हीही होऊ नका. इथे त्यांचं रिव्हॉल्व्हर आणि माझं एकाच जातीचं होतं आणि क्रोनोचा आकडा समोर होता. त्यांनी मला हरवलं, माझ्या डोळ्यांदेखत, त्याच काडतुसांनी. टाळ्या मीच सगळ्यांत जोरात वाजवल्या.

ही माणसं अशी का, याचं मला कळलेलं कारण असं: हल्लीच्या सर्वसाधारण सामन्यात रिव्हॉल्व्हरवाले मूठभर, आणि सुटे भाग दुकानात सहज मिळत नाहीत. ज्याच्याकडे फायरिंग पिन जास्त असेल तो देतो, कारण पुढच्या खेपेला त्याला लागणार असते. सेमीऑटोच्या स्क्वॉडमध्ये लोक निशाण्यांवर चिकटपट्ट्या लावायच्या वेळेला पाणी प्यायला जातात. इथे उलट, गोळीबार थांबायचा अवकाश की सगळे पट्ट्या घेऊन पुढे. आणि हो, बाजूला उभे राहून बघताना सिलिंडरच्या रेषेत उभे राहू नका. सिलिंडर आणि नळीच्या फटीतून शिशाचे कण उडतात. चष्मा असतो, पण गालाला चष्मा नसतो.

मून क्लिपांबद्दल थोडं. वाकलेली क्लिप म्हणजे ट्रिगर अचानक दगड होणं, दुसरं काही नाही. भरलेली प्रत्येक क्लिप सिलिंडरमध्ये टाकून फिरवून पाहायची असते, ती जागा सामन्याच्या नियमांत जिथे बसेल तिथेच. त्यापेक्षा क्लिपा घरीच अशा पारखून आणा. घासली की क्लिप कचऱ्यात, सरळ करत बसू नका. दुसरं, पितळेचा प्रत्येक कारखाना तळाची खाच वेगळी कापतो. माझ्या क्लिपा ज्या पितळासाठी घेतल्या होत्या त्यापेक्षा विकतच्या काडतुसांची खाच मोठी निघाली, आठही काडतुसं क्लिपमध्ये डुलत होती. डुलणारी क्लिप आठ भोकांत एका झटक्यात जात नाही. म्हणजे बाहेरून काडतुसं घेणं या एका गोष्टीत प्रायमर, धक्का आणि रीलोड तिन्ही गेले.

सहा की आठ, यावर रात्री उशिरापर्यंत वाद घालता येतो. माझं मत: यूएसपीएसए या अमेरिकेतल्या नेमबाजी संघटनेने २०१४ मध्ये रिव्हॉल्व्हर विभागात मायनरला, म्हणजे कमी जोराच्या काडतुसांना, आठ गोळ्या खुल्या केल्या तेव्हाच तिथला वाद संपला. आयकोरमध्ये सहावाल्यांना वेगळा विभाग आहे, क्लासिक विभागवाले मून क्लिपांऐवजी स्पीडलोडर या भरण्याच्या साधनाने खेळतात आणि सगळ्यांत जास्त हसतात. आवड असेल तर ते करा. स्मिथ अँड वेसनचं आठ गोळ्यांचं ९२९ घेणाऱ्यांनी एवढंच पाहावं की सिलिंडर टायटॅनियमचा आहे. कप्पे खरखरीत वस्तूने घासायचे नाहीत. लांब .३८ स्पेशल मात्र वेगवान सामन्याला घेऊ नका. रिकामी कवचं पूर्ण बाहेर पडत नाहीत, एखादं लटकून राहतं.

वाळवंटाची धूळ आणि न जळलेली दारू रिकामी कवचं बाहेर ढकलणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीखाली साचते. प्रत्येक स्टेजनंतर, तुमचं रिव्हॉल्व्हर उघडण्याची परवानगी असेल तिथे, नळी वर करून रिकामी कवचं झटकन मारून काढा आणि दात घासायच्या ब्रशने चांदणीखालून एक हात फिरवा. बाकीचे दोन दिवस छान गेले, लिहिण्यासारखं काही नाही.

विमानतळ. रिव्हॉल्व्हर रिकामं, टणक पेटीत, कुलूपबंद, काउंटरवर सांगून, किल्ली तुमच्याच खिशात. काडतुसं भरलेल्या मून क्लिपांत नेऊ नका, भोकांच्या डब्यांत न्या. क्लिपा नियमात बसतात की नाही यावर काउंटरवरच्या माणसाशी वाद जिंकलात तरी विमान जातं. रात्री हॉटेलात भरायला अर्धा तास लागतो. आणि तिकीट न्यू जर्सी किंवा न्यूयॉर्कमार्गे स्वस्त मिळत असेल तरी घेऊ नका. २००५ मध्ये युटाच्या एका प्रवाशाचं पुढचं विमान न्यूअर्कला चुकलं, सामान हातात आलं, तो रात्री हॉटेलात थांबला आणि सकाळी पिस्तूल कायद्याप्रमाणे जाहीर केलं तर अटक झाली. २०१० मध्ये अपील न्यायालयानेही त्याच्या बाजूने निकाल दिला नाही.

परतताना बॅगेची, जाकिटाची, पट्ट्याच्या खिशांची झडती घ्या. हातातल्या बॅगेत एक सुटं काडतूस सापडलं तरी तपासणीवर दंड बसू शकतो. रेंजची पिशवी केबिन बॅग म्हणून मुळात वापरू नये. झडती रेंज सोडायच्या आधी घ्या, कारण निकामी काडतुसांची बादली तिथे असते, हॉटेलात नसते. फक्त सेफ एरियात घेऊ नका. तिथे काडतुसाला हात लागला की थेट सामन्याबाहेर, आणि शेवटच्या दिवशी कुणी समजून घेईल अशी आशा नको.